पश्चिमेच्या भिंतीची हळद

विष्णू खांबेटे दारं आपटून पोट भरतो. खोटं नाही सांगत. वोल्फ्सबुर्गला मोटारी बनतात, त्या मोटारींचं दार बंद होताना कसं वाजावं हे ठरवणारी माणसं असतात, आणि त्या माणसांत आपला विष्णू आहे. दार ‘ढप्प’ वाजलं पाहिजे, ‘टॅण्’ वाजता कामा नये. एवढ्यासाठी त्याला पगार मिळतो, रजा मिळते आणि वर्षाकाठी बोनससुद्धा. सांगलीला राहणाऱ्या त्याच्या सासूबाईंना, म्हणजे सरलाबाईंना, हे अजून पटलेलं नाही. शेजारणींना त्या जावई ‘गाड्यांमध्ये मोठ्या हुद्द्यावर’ आहेत एवढंच सांगतात आणि विषय बदलतात.

या कामापायी विष्णूला एक खोड जडली होती. समोर येईल ती वस्तू तो वाजवून बघायचा. कलिंगड वाजवणं समजू शकतो हो, पण हा बाबा लोकांकडे जेवायला गेला तरी त्यांची कपाटं वाजवायचा. एकदा त्याच्या जर्मन साहेबाने हौसेने नवीन किचन दाखवलं, तर याने प्रत्येक खण टकटक करून तोंड वाकडं केलं. तेव्हापासून कुणाकडे गेलं की बायको सुलेखा त्याचा उजवा हात धरून बसते. लोकांना वाटतं, काय प्रेम आहे बघा.

तर अशा या माणसाची आयुष्यात एकच हौस होती, आणि ती ऐकून लोक हसायचे. त्याला स्वतःच्या भिंतीत एक खिळा ठोकायचा होता. वडील बँकेत, सारख्या बदल्या, आणि गाव कुठलंही असो, घरमालकाची पहिली अट ठरलेली: भिंतीला खिळा मारायचा नाही. खांबेट्यांचं कॅलेंडर कायम खिडकीच्या गजाला सुतळीने लटकलेलं, आणि वारा सुटला की एकादशी कधी, चतुर्थी कधी, काही कळायचं नाही. पुढे हॉस्टेल आलं, तिथेही तेच. जर्मनीत आला, तर इथली घरमालकीण फ्लॅट सोडताना भिंतीवरून हात फिरवून भोकं शोधणारी. चाळिशी उलटली, कपाळ मोठं झालं, मुलगी इरा त्याच्या खांद्याला लागली, तरी गड्याने उभ्या आयुष्यात खिळा म्हणून ठोकला नव्हता.

मग त्याने घर घेतलं. वोल्फ्सबुर्गपासून गाडीने जरा लांब, एका खेड्यात, लाकडाच्या चौकटी आणि त्यात माती भरलेल्या भिंती असं जुनं घर. किंमत बघून तो हरखलाच. जाहिरातीत खाली ‘डेंकमालशुत्झ’ असं लिहिलं होतं, म्हणजे हे घर सरकारने वारसा म्हणून जपायला घेतलंय. विष्णूला वाटलं, हा एक प्रकारचा पुरस्कार आहे. त्याने नातेवाइकांच्या ग्रुपवर फोटो टाकून ‘आमच्या घराला सरकारी संरक्षण आहे’ असं कळवलंसुद्धा. एका काकांनी दाराशी पोलीस असतात का, असं विचारलं.

पोलीस नव्हते, फ्राऊ टीडेमान होत्या. वारसा खात्याच्या अधिकारी. उंच, सडसडीत, पांढरे केस कानापाशी कापलेले, आणि येणार त्या सायकलवरून. पहिल्याच भेटीत त्यांनी अगदी मायेने समजावलं, की या घराची प्रत्येक तुळई, प्रत्येक चौकट, प्रत्येक जुना खिळा जपायचा आहे, आणि नवीन खिळा मारायचा झाला तर आधी आम्हाला विचारायचं. विष्णू ‘जा, जा, गेनाऊ’, म्हणजे ‘हो, हो, अगदी बरोबर’, करत राहिला. मग त्या गेल्यावर आत जाऊन हातातली हातोडी त्याने परत डब्यात ठेवून दिली. हसू नका, त्याला खरंच फार लागलं होतं ते.

पण खिळा राहिला बाजूला, खरी आग लावली पश्चिमेच्या भिंतीने. त्या भागात पाऊस पश्चिमेकडून येतो आणि आडवा येतो. मागच्या मालकाने कधीकाळी त्या भिंतीवर करड्या अॅस्बेस्टॉसच्या पाट्या ठोकल्या होत्या. त्या विषारी म्हणून पांढरे डगले घातलेली माणसं येऊन काढून घेऊन गेली, आणि भिंत उघडी पडली. तिच्यावर निळी ताडपत्री बांधली. ताडपत्री रात्रंदिवस फडफडायची, आणि ज्या माणसाचं कामच मुळी आवाजाचं, त्याला त्या फडफडीत झोप कशी लागावी? पहिल्या हिवाळ्यात पाणी आत आलं ते थेट सुलेखाच्या पैठण्यांच्या कपाटामागे. तेव्हा सुलेखा काही बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा विष्णू घाबरतो.

आता भिंतीवर लावायचं काय? त्या गावात जुन्या घरांच्या पश्चिम भिंतींवर लाल मातीची कौलं टांगलेली असतात, तशीच हवी असं टीडेमानबाईंचं म्हणणं. पण घराची लाकडं तपासणाऱ्या इंजिनिअरने सांगितलं, एवढं वजन या चौकटीला पेलायचं नाही, भिंत बसेल. मग विष्णूने फायबर सिमेंट शोधून काढलं. सिमेंटमध्ये तंतू मिसळून दाबलेल्या पातळ पाट्या, हलक्या, न सडणाऱ्या, न जळणाऱ्या, आणि अॅस्बेस्टॉसचं नाव नाही. दुकानात त्याने पाटी वाजवून पाहिली आणि त्याचा चेहरा उजळला. असा ठाम, कोरडा, भरवशाचा आवाज त्याने म्हणे बऱ्याच दिवसांत ऐकला नव्हता. दुकानदार दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

टीडेमानबाई तत्त्वतः हो म्हणाल्या, पण आधी भिंतीवर छोटा नमुना लावून दाखवा, म्हणाल्या. तशी इथे पद्धतच आहे. विष्णूने लाकडाच्या रेषा उमटवलेल्या फळ्यांचा पहिला नमुना लावून घेतला. बाई आल्या, त्यांनीही बोटाने टकटक केलं (तेव्हा विष्णूला त्यांच्याबद्दल पहिल्यांदा आपुलकी वाटली), आणि म्हणाल्या, सिमेंटने लाकडाचं सोंग घेऊ नये. दुसरा नमुना कॅटलॉगमधल्या लाल रंगाचा. त्यावर म्हणाल्या, सगळ्या पाट्या सारख्याच लाल, हे खेळण्यातलं घर दिसतंय. जुनी कौलं भट्टीत कमी-जास्त भाजायची, त्यामुळे एकीसारखी दुसरी नसायची. तसा जिवंत लाल रंग हवा.

आता सिमेंटला जिवंत कसं करायचं? विष्णू आठवडाभर चिडचिड करत होता. शेवटी तिसऱ्या नमुन्यासाठी त्याने बिनरंगाच्या, कोऱ्या करड्या पाट्या आणल्या, कौलांएवढ्या कापून भिंतीवर लावून घेतल्या, आणि लाल रंगाच्या तीन छटांचे डबे आणून ठेवले. बाई गुरुवारी दुपारी येणार. विष्णू अर्धी रजा काढून सकाळी रंग मारणार. असा बेत.

बुधवारी जेवताना सुलेखा बोलली. हानोव्हरचा एक दंतवैद्य असलं घर शोधतोय, त्याच्याकडे वेळ आणि पैसा दोन्ही आहे, आणि मी त्याच्याशी बोलून ठेवलंय. ती रागावलेली नव्हती, तेच वाईट होतं. “या वेळी बाई नाही म्हणाल्या तर घर विकायचं, विष्णू. मला अजून एक हिवाळा ताडपत्रीखाली नाही काढायचा,” ती म्हणाली. विष्णूने मान डोलावली. तिचं चुकत नव्हतं आणि त्याला ते ठाऊक होतं. त्या रात्री तो घरभर फिरून एकेक तुळई हलकेच वाजवत होता. निरोप घेत होता म्हणा ना.

या सगळ्यात एक माणूस मी विसरलो असं समजू नका. सरलाबाई गेल्या आठवड्यापासून सांगलीहून लेकीकडे आल्या होत्या. येताना त्यांनी हळद आणली होती. सांगलीची बाई हळदीशिवाय कुठे जाते? चांगली दोन-तीन किलो, कस्टमवाल्याच्या नाकावर टिच्चून. बाईंचा स्वभाव असा, की रिकामं बसणं म्हणजे पाप. आल्या आल्या त्यांनी पोळपाटाला तेल पाजलं, दाराच्या बिजागऱ्यांना तेल पाजलं, इराच्या केसांना तेल पाजलं. इरा जर्मनमध्ये किंचाळली, आजीने मराठीत गप्प केलं.

एका गोष्टीवरून मात्र त्यांचं जावयाशी अबोल भांडण होतं. नव्या घराची वास्तुशांत झालेली नव्हती. विष्णू दर वेळी म्हणायचा, भिंत होऊ दे मग करू. सरलाबाईंचं म्हणणं, वास्तुशांत केली नाही म्हणून तर भिंत होत नाहीये. जावयाला तोंडावर बोलायचं नाही ही त्यांची रीत, त्यामुळे त्या हे सगळं सुलेखाला ऐकवायच्या, विष्णू त्याच खोलीत बसलेला असताना.

गुरुवार उजाडला. सकाळीच विष्णूला ऑफिसातून फोन, नव्या दाराची चाचणी आजच घ्यायची आहे, आल्याशिवाय चालणार नाही. तो दोन तासांत येतो म्हणून गेला. सुलेखा ब्राउनश्वाइगला तिच्या लॅबमध्ये, इरा शाळेत. घरी सरलाबाई एकट्या.

पहाटे भुरभुर पाऊस पडून गेलेला. बाई परसात आल्या तर समोर त्या कोऱ्या पाट्या, ओल्या, करड्या, कळाहीन. आणि दुपारी सरकारी बाई बघायला येणार! मुलगी दाखवायची आणि तिला धड तोंडसुद्धा धुवायला लावायचं नाही, असलं काहीतरी त्यांना वाटलं. बरं, पाट्या नव्या. नव्या वस्तूला, नव्या नवरीला, घराच्या उंबरठ्याला हळद लागते, मग या भिंतीने काय घोडं मारलंय? शिवाय हळदीने कीड लागत नाही. त्यांनी बादलीत हळद कालवली, थेंबभर तेल टाकलं, पदर खोचला आणि नमुन्याच्या सगळ्या पाट्यांना हाताने हळद फासली. रंगाचे डबे शेजारीच होते, त्यांच्यावर त्यांनी बादली ठेवली.

आणि मग तुम्हा-आम्हाला जे माहीत आहे, पण कुठल्या जर्मन कॅटलॉगमध्ये नाही, ते झालं. हळदीत चुना पडला की काय होतं? कुंकू होतं. सिमेंटमध्ये चुन्याचाच गुण. पिवळी भिंत बाईंच्या डोळ्यांदेखत लाल होऊ लागली. कुठे गडद, कुठे फिकट, कडांना पार विटकरी, मध्ये शेंदरी झाक. सरलाबाईंनी हात जोडले. भिंतीने आपण होऊन कुंकू लावून घेतलं, याहून मोठा शकुन कुठला? शेवटच्या पाटीवर त्यांनी आपला पंजा उमटवला, बांगड्यांच्या खुणांसकट, आणि चहाचं आधण ठेवायला आत गेल्या.

विष्णूचे दोन तास काही दोन तासांत संपले नाहीत. तो धापा टाकत फाटकातून आत आला तेव्हा टीडेमानबाईंची सायकल लागलेली होती. बाई भिंतीसमोर उभ्या होत्या, मागे हात बांधून. शेजारी सासूबाई चहाचा कप घेऊन. आणि भिंत लालभडक.

काय झालं हे त्याला एका नजरेत कळलं, कारण सासूबाईंचे हात कोपरापर्यंत पिवळे होते. घर गेलं. दंतवैद्य आला. सासूबाईंवर ओरडायला तोंड उघडलं, पण ओरडणार कसं? सासूबाई त्याच्याकडे असं बघत होत्या, की विष्णूराव, बघा तुमचं काम केलं की नाही. त्या बघण्यात इतका आनंद होता की त्याचा राग घशातच विरघळला. ही बाई सातासमुद्रापलीकडे येऊन माझ्या भिंतीला हळद लावते, आणि मी तिला परक्या माणसासमोर खाली बघायला लावू?

“हे कुणी केलं?” फ्राऊ टीडेमाननी जर्मनमध्ये विचारलं.

“मी,” विष्णू म्हणाला.

बाईंनी त्याच्या स्वच्छ हातांकडे आणि इस्त्रीच्या शर्टाकडे पाहिलं. मग सरलाबाईंच्या पिवळ्या हातांकडे पाहिलं. पुढे होऊन एक पाटी वाजवली, दुसरी वाजवली, बोटाला लागलेलं लाल बघितलं, वास घेतला. मग त्या मागे फिरल्या आणि शेजारच्या घराच्या जुन्या कौलांकडे बघत राहिल्या. विष्णूने मनातल्या मनात दंतवैद्याला किल्ल्या देऊन टाकल्या.

“गेनाऊ,” बाई म्हणाल्या. “गेनाऊ हेच.”

एकीसारखी दुसरी पाटी नाही, हे त्यांना हवं होतं. हा रंग कशाचा, त्यांनी विचारलं. विष्णूने खरं ते सांगितलं, हळदीचा. जुनी पद्धत आहे का? तेवढ्यात सरलाबाईंनी मध्येच विचारलं, काय म्हणतायत त्या? विष्णूने सांगितल्यावर त्या ठसक्यात म्हणाल्या, जुनी म्हणजे, माझ्या पणजीच्या आधीपासूनची. विष्णूने ते जसंच्या तसं जर्मनमध्ये सांगितलं, आणि टीडेमानबाईंच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं ते बघण्यासारखं होतं.

घाबरत विष्णूने हेही कबूल केलं, की हळद उन्हात उडते. तिथूनच त्याने लुडविग्सहाफेनच्या तनयला, म्हणजे केमिकल कंपनीतल्या त्याच्या जुन्या मित्राला फोन केला, तर तोही आधी पोट धरून हसला आणि मग म्हणाला, वर पारदर्शक लेप दिला तर एखादं वर्ष टिकेल, पुढे विसर. टीडेमानबाईंना त्याचं काहीच वाटलं नाही. पूर्वी लोक दर वर्षी घर रंगवतच होते, त्या म्हणाल्या. परवानगी मिळाली. अट एकच: सगळी भिंत याच पद्धतीने, आणि दर वर्षी याच हाताने.

हे ‘याच हाताने’ म्हणताना त्या विष्णूकडे बघत नव्हत्या.

झालं! सासूबाईंना दर वर्षी जर्मनीला येणं भाग पडलं, तेही सरकारी अटीनुसार. सुलेखाने दंतवैद्याला नकार कळवला आणि त्या रात्री कितीतरी दिवसांनी मोठ्याने हसली. विष्णूला घर मिळालं आणि घराबरोबर दर उन्हाळ्यात तीन महिने सासूबाई. एवढ्या मोठ्या आनंदात किंचित पोटात दुखलं तर त्याला दोष देऊ नका.

सप्टेंबरात भिंतीची हळद झाली. परसात फळ्या टाकून त्यावर पाट्या मांडल्या. पहिली रांग विष्णूने स्वतः घेतली, चिकटपट्टी लावून, रोलरने, अगदी एकसारखी. सरलाबाई थोडा वेळ बघत राहिल्या. मग त्यांनी त्याच्या हातातून रोलर काढून घेतला. “विष्णूराव, तुम्ही आपले दार आपटा,” त्या म्हणाल्या. एवढ्या वर्षांत जावयाला त्या पहिल्यांदाच तोंडावर बोलल्या, आणि दोघांनाही कुठेतरी बरं वाटलं. वोल्फ्सबुर्गच्या मराठी मंडळींना वास येताच अर्धं मंडळ हजर झालं. बायकांनी हळदीची गाणी म्हटली, पुरुषांनी पाट्या वाहिल्या, आणि गावातल्या जर्मन म्हाताऱ्यांनी कुंपणाबाहेर खुर्च्या टाकल्या.

मग छतवाले कारागीर आले आणि चार दिवस त्यांच्या हातोड्या चालल्या. खिळ्यांवर खिळे, शेकड्यांनी खिळे, विष्णूच्या भिंतीत, आणि ठोकणारे सगळे दुसरेच. तो खाली उभा राहून प्रत्येक ठोका ऐकत होता. लग्नघरी उपाशी राहिलेला माणूस पंगतीकडे बघतो तसा तो वर बघत होता.

शेवटच्या दिवशी टीडेमानबाई आल्या, भिंतीला दाद देऊन झाली, आणि कारागिरांचा म्होरक्या खाली वाकून विष्णूला वर बोलवू लागला. इथली रीत आहे म्हणे, शेवटचा खिळा घराच्या मालकाने ठोकायचा. एकच पाटी राहिली होती, सरलाबाईंच्या पंजाची. विष्णूने टीडेमानबाईंकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली, ठोका. तो परांचीवर चढला. त्याने खिळा धरला, हातोडी उचलली आणि जिवाच्या आकांताने हाणली ती थेट स्वतःच्या अंगठ्यावर. चाळिशी उलटेपर्यंत खिळा न ठोकलेला माणूस, दुसरं काय होणार? दुसऱ्या तडाख्याला खिळा गेला, पण असा वाकून गेला की खालूनसुद्धा दिसत होता.

तो खाली उतरला तर सरलाबाई बादली घेऊन तयार. उरलेली हळद त्यांनी त्याच्या अंगठ्यावर थापली. विष्णूच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते अंगठ्याचं होतं असं तो आजही सांगतो. वर बघत, ओशाळून तो टीडेमानबाईंना म्हणाला, की तो वाकडा खिळा मी उद्या काढून सरळ ठोकतो.

“तसं करता येणार नाही, हेर खांबेटे,” बाई सायकलवर बसत म्हणाल्या. “आता तो घराचा भाग आहे. काढायचा असेल तर आधी आम्हाला विचारावं लागेल.”

विष्णूने काही विचारलेलं नाही.